डोळे आले : पैसे कुठे घालायचे, कुठे नाहीत

पावसाळा लागून महिना झाला की मेडिकलच्या काउंटरवर एकच मागणी सुरू होते : "डोळे आलेत, एखादा चांगला ड्रॉप द्या." पलीकडचा माणूस मागच्या खणातून बोटाएवढी बाटली काढतो आणि पैसे घेतो. कधी ऐंशी रुपये, कधी एकशे तीस, जशी कंपनी असेल तसे. बाटलीत काय आहे हे घेणारा विचारत नाही, आणि देणाऱ्यालाही रांग पुढे सरकवायची असते. दोन दिवसांत लाली उतरली की त्या ब्रँडचं नाव सोसायटीच्या ग्रुपवर जातं आणि संध्याकाळपर्यंत त्याच बाटलीला आणखी गिऱ्हाइकं मिळतात.

इतक्या झटपट लाली उतरते त्यामागे बऱ्याचदा बाटलीतलं स्टेरॉइड असतं. या लेखात या बाटलीवर जरा जास्त जागा खर्च करणार आहे, कारण डोळ्याच्या किरकोळ तक्रारीला मोठं बिल लावण्यात तिचा हात मोठा आहे. एरवी डोळे येणं, खाजणं, चुरचुरणं या गोष्टी थंड पाण्याची पट्टी, स्वच्छ रुमाल आणि फार तर शे-दीडशे रुपयांत निभावतात. हजारांचा खर्च येतो तो चुकीचं औषध घातल्याने किंवा ज्या दिवशी जायला हवं होतं त्या दिवशी डॉक्टरकडे न गेल्याने. म्हणून हातात तीनशेच रुपये असतील तर ते आधी तपासणीवर घालावेत, बाटलीचं नंतर बघावं.

किमतींबद्दल एक सूचना. खाली दिलेले आकडे ढोबळ आहेत. शहर, कंपनी आणि दवाखाना बदलला की ते खालीवर होतात. औषधाच्या बाबतीत खोक्यावरची एमआरपी ही कमाल किंमत आहे आणि तिच्यात जीएसटी धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. त्यामुळे "टॅक्स वेगळा" असं कोणी म्हणालं तर बिल मागा.

खाज, खुपणं की दुखणं?

डॉक्टर पहिला प्रश्न जवळजवळ हाच विचारतात, तेव्हा घरीही तोच विचारावा.

दोन्ही डोळ्यांना खाज, चोळावंसं वाटणं, पाणी, सोबत शिंका किंवा नाक चोंदणं असेल तर बहुधा ॲलर्जी. वाळू गेल्यासारखं खुपणं, पाणी, लाल डोळा, आधी एका डोळ्याला आणि एक-दोन दिवसांत दुसऱ्याला, घरात किंवा वर्गात आणखी कोणाला तेच, कधी कानापुढे छोटी दुखरी गाठ, तर विषाणूमुळे आलेले डोळे. सकाळी पापण्या चिकटलेल्या, पिवळी-हिरवी घट्ट चिपडं, पुसली तरी तासाभरात परत, असं असेल तर जिवाणूंचा संसर्ग. ही विभागणी शंभर टक्के पक्की नाही. विषाणूच्या आजारातही सकाळी पापण्या चिकटतात. पण सुरुवात करायला ती पुरेशी आहे.

या तिन्हींत न बसणारा चौथा गट घरी ठेवायचा नाही. डोळा खरंच दुखतोय, उजेड सहन होत नाही, नजर धूसर झाली आहे, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय, डोळ्याला काही लागलं आहे, कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झाला आहे, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसून डोकेदुखी आणि उलट्या होत आहेत, कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर नागिणीचे फोड आहेत. यातलं एकही असेल तर मेडिकल ओलांडून थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा, आणि त्याच दिवशी. महिन्याच्या आतल्या बाळाचा डोळा लाल होऊन चिपडत असेल तर तेही याच रांगेत.

साथीतले डोळे : खर्च औषधाचा कमी, खाड्याचा जास्त

जुलै २०२३ मध्ये आळंदीत शाळकरी मुलांचे डोळे येऊ लागले आणि बघता बघता साथ राज्यभर पसरली. अशा साथी विषाणूंच्या असतात, मुख्यतः अ‍ॅडेनो आणि एन्टेरो या दोन घराण्यांतल्या. जुन्या लोकांना १९७१ ची साथ आठवत असेल. बंगालमध्ये तिला 'जय बांगला' म्हणत, कारण निर्वासितांचे लोंढे आणि ही साथ एकाच सुमाराला आली.

या विषाणूंवर थेंबांचं नेमकं औषध नाही. अँटिबायोटिक त्यांना मारत नाही. आजार आपल्या गतीने एक ते दोन आठवड्यांत ओसरतो. तोवर करायचं ते एवढंच : स्वच्छ कापडाची थंड घडी दिवसातून चार-पाच वेळा, आणि खुपणं कमी व्हावं म्हणून कृत्रिम अश्रूंचे थेंब. कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोज ०.५ टक्के हे त्यातलं सगळ्यात परिचित औषध. ब्रँडेड १० मिलिलीटरची बाटली शंभर ते दोनशे रुपयांच्या दरम्यान पडते. जनऔषधी केंद्रात हेच औषध त्याच्या एक चतुर्थांश किमतीच्या आसपास मिळतं. एवढ्यावर साधे आलेले डोळे निघतात. डॉक्टर कधी अँटिबायोटिकचे थेंब लिहितात. तिथे त्यांना जिवाणूंचा संसर्ग वर चढल्याची शंका असते. तो त्यांचा निर्णय, आपला नव्हे.

खरा खर्च खाड्याचा. रोजंदारीवरच्या माणसाचे आठ दिवस बुडाले तर बाटलीच्या किमतीचं काही वाटत नाही. आणि घरातल्या एकाचे डोळे येऊन चौघांपर्यंत पोहोचले तर तो खर्च चौपट होतो. म्हणून फुकटातल्या गोष्टी आधी करा. आजारी माणसाचा टॉवेल, रुमाल आणि उशीचा अभ्रा वेगळा. अभ्रा रोज बदलायचा, गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवायचा. डोळा पुसायला टिशू किंवा कापसाचा बोळा, आणि तो लगेच कचऱ्यात. हात साबणाने. दाराच्या कड्या, मोबाइल, रिमोट पुसून काढायचे, कारण अ‍ॅडेनोव्हायरस पृष्ठभागावर कित्येक दिवस, कधी आठवडे टिकतो. डोळे आलेल्याकडे नुसतं पाहिल्याने डोळे येत नाहीत. काळ्या चष्म्याने उजेडाचा त्रास कमी होतो, साथ थांबत नाही. तो तीनशे रुपयांचा चष्मा खास या कामासाठी घेऊ नका.

बचत म्हणून एक बाटली सगळ्या घरात फिरवतात. त्या बाटलीचं टोक एकाच्या पापणीला टेकलं की बाटलीच साथ पसरवते. औषध लागलंच तर ज्याची त्याची बाटली वेगळी.

दुसऱ्या आठवड्यात लाली गेली पण नजर धुरकट झाली किंवा उजेड बोचू लागला, तर अ‍ॅडेनोव्हायरसने बुबुळावर बारीक पांढरे ठिपके उठवलेले असू शकतात. तेव्हा नेत्रतज्ज्ञाला दाखवायलाच हवं. स्टेरॉइड द्यायचं की नाही हे ठरवण्याची ती वेळ असते, आणि ते ठरवायला डोळा भिंगाखाली पाहावा लागतो.

खोक्यावर वाचायचं काय

आता ती बाटली. खोक्यावर ब्रँडचं नाव मोठं असतं आणि त्यातली औषधं एका बाजूला मुंगीच्या अक्षरात. मोबाइलने फोटो काढा आणि मोठा करून वाचा. मॉक्सिफ्लॉक्सॅसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, टोब्रामायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल ही अँटिबायोटिकं. डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल, फ्लुओरोमेथोलोन, डायफ्लुप्रेडनेट ही स्टेरॉइडं. एकाच बाटलीत दोन्ही असलेली मिश्रणं बाजारात भरपूर आहेत. ब्रँडच्या नावापुढचं 'डी' किंवा 'एलपी' हे शेपूट बऱ्याचदा त्या स्टेरॉइडचंच असतं. 'डीएस' मात्र साधारणपणे दुप्पट ताकदीसाठी लिहितात, त्यामुळे शेपटावर विसंबू नका, नावं वाचा.

ही औषधं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे आणि तो खोक्यावर छापलेला असतो. मेडिकलवाल्याला तो पाठ असतो. मी म्हणतो, त्याला दोष देण्याआधी आपणही चिठ्ठी न घेता हात पुढे करतो हे बघावं.

स्टेरॉइड वाईट औषध नाही. ऑपरेशननंतर किंवा डोळ्याच्या आतल्या सुजेवर ते डोळा वाचवतं. पण बुबुळाला बुरशीचा किंवा हर्पिसचा संसर्ग असताना ते घातलं तर लाली उतरते, माणसाला बरं वाटतं आणि आत जखम पसरत राहते. आणि महिनोन्‌महिने घातलं तर काही जणांच्या डोळ्यातला दाब वाढतो, त्यातून काचबिंदू होतो, मोतीबिंदूही लवकर येतो. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. पुढचा हिशेब सोपा आहे : शंभर रुपयांची बाटली, आणि मागे जन्मभर रोज घालायचे काचबिंदूचे थेंब, ज्यांचा महिन्याचा खर्च काही शे रुपये असतो.

मेडिकलमध्ये आणखी एक जात मिळते, डोळा पांढराशुभ्र करणारे थेंब. त्यात नॅफॅझोलिनसारखं रक्तवाहिन्या आकसवणारं औषध असतं. लग्नाच्या दिवशी फोटोपुरतं ठीक. आठवडाभर घातलं तर औषधाचा असर उतरताच डोळा पहिल्यापेक्षा लाल होतो, आणि माणूस तीच बाटली पुन्हा आणतो. दुकानदाराच्या दृष्टीने असं औषध कधी मंदीत जात नाही.

जिवाणूंचा संसर्ग असेल तर साधं अँटिबायोटिक पुरतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे थेंब वीस-पंचवीस रुपयांत मिळतात. मॉक्सिफ्लॉक्सॅसिन साठ-सत्तरपासून पावणेदोनशेपर्यंत. महाग म्हणून ते जास्त गुणकारी असं काही नाही. चिठ्ठीवर ब्रँड लिहिला असेल तर "याचं जेनेरिक लिहून द्याल का?" असं डॉक्टरांना सरळ विचारा. 'जनऔषधी सुगम' हे सरकारी ॲप जवळचं केंद्र आणि किंमत दाखवतं. 'फार्मा सही दाम' या ॲपवर औषधाची कमाल किंमत तपासता येते.

खाजणारे डोळे

पुण्याच्या आसपास राहणाऱ्यांना गाजरगवत नवं नाही. १९५० च्या दशकात भारतात ते पहिल्यांदा नोंदवलं गेलं ते पुण्यातच. काँग्रेस गवतही म्हणतात त्याला. अंगाला लागलं की त्वचा उठते, आणि ज्यांना त्याची ॲलर्जी आहे त्यांच्या पापण्या हवेतल्या कणांनीही जाड, खरबरीत होतात. मोकळ्या प्लॉटशेजारी राहत असाल तर थेंबांवर महिन्याला दोनशे घालण्यापेक्षा प्लॉट साफ करून घेणं स्वस्त पडतं. गवत फुलायच्या आत, हातमोजे घालून.

गाद्या-उशांतल्या धुळीतले कीटक, बुरशी, मांजर, उदबत्तीचा धूर, फटाके ही बाकीची नेहमीची कारणं. काजळ आणि आयलायनरही विसरू नका. घरच्या निरांजनावर धरलेलं काजळ शुद्ध असतं हा समज मोठ्यांच्या मनात पक्का आहे. पण काजळी ती काजळी, आणि ती घालणारं बोट निर्जंतुक नसतं. बाजारातल्या काही सुरम्यांत तर शिसं सापडलेलं आहे. बाळाच्या डोळ्यात यातलं काहीच नको. तीट गालावर लावा, आजीचंही मन राहील.

ॲलर्जीत थंड पट्टी आणि गार कृत्रिम अश्रू यांनी निम्मं काम होतं. बाटली फ्रिजच्या दारात ठेवली की थेंब गार लागतो आणि खाज झटकन शमते. तेवढ्याने भागलं नाही तर ओलोपॅटाडिनसारखे ॲलर्जीविरोधी थेंब. ५ मिलिलीटरची बाटली साधारण शंभर ते दोनशे रुपये, दिवसातून एकदाच घालायचा जास्त ताकदीचा प्रकार त्याहून महाग. यात स्टेरॉइड नसतं आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ते ऋतुभर वापरता येतात.

मुलांचं प्रकरण वेगळं आहे आणि त्यासाठी थांबायला हवं. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना, मुलींपेक्षा मुलग्यांना जास्त, उन्हाळा तापला की दोन्ही डोळ्यांना भयंकर खाज सुटते. डोळे तपकिरी-लाल दिसतात, चिकट दोऱ्यासारखी चिपडं येतात, मूल उजेडात डोळे उघडत नाही. वयात आल्यावर हे बहुतेकांचं आपोआप कमी होतं. तोवर दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये घरातली गेल्या वर्षीची चिठ्ठी निघते आणि तीच बाटली पुन्हा येते. गेल्या वर्षी डॉक्टरांनी ती दोन आठवड्यांसाठी लिहिलेली असते, आई-वडील ती चार महिने चालवतात, आणि तिच्यात स्टेरॉइड असतं. शाळकरी वयात काचबिंदू झालेली अशी मुलं नेत्रतज्ज्ञांना नवीन नाहीत. अशा मुलाला दर ऋतूच्या सुरुवातीला दाखवा आणि डोळ्याचा दाब मोजायला सांगा. कित्येक ठिकाणी तो तपासणीच्या फीमध्येच धरतात, नाहीतर शंभर-दोनशे रुपये. आजार जास्त असेल तर टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन अशी स्टेरॉइड टाळणारी औषधं आहेत. ती महाग पडतात, पण दाब वाढवत नाहीत.

आणि चोळणं थांबवायला हवं. सतत चोळून बुबुळ पातळ होतं आणि शंकूसारखं पुढे येतं, चष्म्याचा नंबर दर काही महिन्यांनी बदलू लागतो. ते पुढे सरकू नये म्हणून करायची प्रक्रिया खासगीत एका डोळ्याला वीस-तीस हजारांपर्यंत जाते. फ्रिजमधली थंड पट्टी त्यापुढे फुकटच म्हणायची.

चुना आणि उसाचं पातं

या दोन गोष्टींत पैशाचा विचार नंतर.

घरात तंबाखू खाणारं कोणी असलं की चुन्याची डबी किंवा प्लास्टिकची पुडी मुलाच्या हाती लागते. मूल ती दाबतं, पुडी फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुना अल्कली आहे. तो बुबुळ जाळत आत उतरतो आणि धुतला जाईपर्यंत उतरतच राहतो. त्यामुळे रिक्षा शोधण्याआधी नळ उघडा. मुलाला आडवं धरा, पापण्या बोटांनी उघड्या ठेवा आणि स्वच्छ पाण्याची धार किमान पंधरा-वीस मिनिटं सोडा. मूल ओरडेल, ओरडू द्या. वरची पापणी उचलून आत अडकलेले कण पाण्यानेच काढा. लिंबू, तूप, दूध, मध काही नको. मग रुग्णालय, वाटेतही धुणं चालू. फिनाइल, अ‍ॅसिड, सिमेंट आणि रंगपंचमीचा पक्का रंग यांनाही हाच नियम.

कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे तोडणीच्या हंगामात उसाच्या पात्याने डोळा कापला जातो. भाताच्या लोंबीचं कुसळ, ज्वारीचं धसकट, बैलाच्या शेपटीचा फटका, कारणं अनेक. जखम बारीक असते आणि माणूस दिवसभर काम करतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळा लाल, दुखरा, आणि बुबुळावर करडा-पांढरा डाग. वनस्पतीच्या तुकड्याबरोबर बुरशी आत गेलेली असते. इथे गावातला सल्ला घात करतो : मध घाला, अंगावरचं दूध घाला, नाहीतर "ते लाल झाकणाचं औषध" घाला. शेवटचं स्टेरॉइड निघालं तर बुरशीला मोकळं रान.

वेळेत गेल्यास उपचार परवडणारे आहेत. बुबुळावरचा नमुना खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सरकारी किंवा धर्मादाय रुग्णालयात हे नाममात्र खर्चात होतं, खासगीत काही शे ते हजार-दीड हजार. बुरशी निघाली तर नॅटामायसिन ५ टक्के थेंब देतात. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाच्या सहभागाने झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे जुनं, स्वस्त औषध महागड्या व्होरिकोनाझोलपेक्षा सरस ठरलं. बाटली शंभर-दोनशेची. पण सुरुवातीला ती दर तासाला घालावी लागते, रात्रीही, त्यामुळे बाटल्या भराभर संपतात आणि उपचार आठवड्यांवर, कधी महिन्यांवर जातो. घरातलं एक माणूस पूर्ण वेळ त्यासाठी लागतं. उशीर झाला तर बुबुळात भोक पडतं किंवा बरं झाल्यावर फूल राहतं, आणि मग नेत्ररोपण. खासगीत त्याचा आकडा पन्नास हजारांपासून पुढे, शिवाय दान केलेल्या बुबुळाची वाट पाहणं वेगळंच. पाच-पन्नास रुपयांचा प्लास्टिकचा संरक्षक चष्मा तोडणीला जाताना कोणी घालत नाही, घामाने धुरकटतो म्हणून. घातला तर यातलं बरंचसं टळतं.

कुठे दाखवायचं

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय हे सगळं त्यात येतं. ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी असतात. साधे डोळे आलेत की बुबुळाला जखम आहे हे त्यांना कळतं आणि गरज पडली तर ते पुढे पाठवतात. ससून, जे.जे. यांसारखी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आणि महापालिकांची रुग्णालयं या निर्णयात नाहीत, तरी तिथेही केसपेपर किरकोळ रकमेत निघतो. तिथे पैशाऐवजी सकाळ जाते. रांग लवकर लागते, आठला पोहोचलात तर बरं.

मधला मार्ग धर्मादाय नेत्ररुग्णालयांचा. पुण्यात महंमदवाडीचं देसाई नेत्ररुग्णालय, मुंबईत परळचं हाजी बच्चूअली, अशी नावं लोकांना माहीत आहेत. फी खासगीपेक्षा कमी आणि यंत्रं चांगली.

खासगी नेत्रतज्ज्ञाची फी तालुक्याच्या गावी दोनशे ते चारशे, शहरात पाचशे ते हजार, मोठ्या साखळी रुग्णालयात त्याहून वर. भिंगाखालची तपासणी आणि पिवळी पट्टी लावून बुबुळावरची जखम पाहणं हे त्या फीतच यायला हवं. डोळे आल्याच्या तक्रारीवर आत जाण्याआधीच पडद्याचा फोटो, स्कॅन, कोरडेपणाचं 'पॅकेज' असं बिल लागायला लागलं तर "हे आज कशासाठी?" एवढं विचारायचा हक्क आहे. नंबर काढणारं चष्म्याचं दुकान म्हणजे डोळ्याचा दवाखाना नव्हे. लाल डोळा तिथे दाखवू नका.

विम्याची फारशी आशा ठेवू नका. बहुतेक मेडिक्लेममध्ये ओपीडी नसते. महात्मा फुले जनआरोग्य योजना यादीतल्या, प्रामुख्याने भरती लागणाऱ्या उपचारांसाठी आहे. डोळे आल्यावर तिचा उपयोग नाही, बुबुळाच्या शस्त्रक्रियेची वेळ आली तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला जरूर विचारा. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कारखाना-कंपनी कामगारांना ईएसआयसीचा दवाखाना आहे, तिथे औषधही मिळतं आणि रजेचा भत्ताही. साथीत हा भत्ता बाटलीपेक्षा मोलाचा.

एक थेंब पुरतो

पापणीच्या आतल्या कप्प्यात जेमतेम तीस मायक्रोलीटर मावतात. बाटलीचा एक थेंबच त्याहून मोठा असतो. दुसरा थेंब गालावर ओघळतो. ५ मिलिलीटरच्या बाटलीत सुमारे शंभर थेंब असतात. दोन्ही डोळ्यांत चार वेळा सात दिवस घातले तरी छप्पन्नच होतात. म्हणजे जिवाणूच्या संसर्गाचा पूर्ण कोर्स एका बाटलीत बसतो, सांडलवंड धरून. तीन दिवसांत बाटली संपली तर औषध उशीने प्यायलं समजा.

हात धुवा, मान मागे, खालची पापणी ओढून खोबण करा, टोक कुठेही न टेकवता एक थेंब, मग मिनिटभर डोळा मिटून नाकाच्या बाजूचा कोपरा बोटाने दाबून धरा. दुसरं औषध असेल तर पाच मिनिटांनी. उघडलेल्या बाटलीवर तारीख लिहा आणि महिन्याने टाकून द्या, अर्धी उरली तरी. गेल्या पावसाळ्यातली जपून ठेवलेली बाटली ही काटकसर नव्हे.

कृत्रिम अश्रू दिवसातून चार-सहापेक्षा जास्त वेळा लागत असतील, जसं दिवसभर स्क्रीनपुढे बसणाऱ्यांना, तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्यावेत. ते अडीचशे ते सहाशेपर्यंत जातात. त्याआधी पंख्याचा आणि एसीचा झोत तोंडावरून हटवा, स्क्रीन नजरेच्या थोडी खाली आणा आणि मुद्दाम पापण्या मिटा. स्क्रीनकडे टक लावल्यावर माणूस पापणी लवायचीच विसरतो. या तिन्हींना पैसे पडत नाहीत आणि पुष्कळदा बाटलीची गरज निम्म्यावर येते.

गुलाबपाणी, धण्याचं पाणी, त्रिफळ्याचं पाणी हे सगळं घरगुती असलं तरी निर्जंतुक नाही. डोळा मिटून वर पट्टी ठेवायची असेल तर हरकत नाही, आत ओतायला नको.

किरकोळ

रांजणवाडीला कोमट पाण्याचा शेक, दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटं. आठवडाभरात ती बसते किंवा आपली आपण फुटते. दाबून फोडू नका. महिनाभर कडक गाठ राहिली तर छोटी शस्त्रक्रिया, खासगीत दोन-तीन हजारांपासून.

सकाळी आरशात डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लालभडक डाग दिसला, दुखत नाही, नजर नीट आहे, तर खोकल्याने किंवा जोर लावल्याने बारीक रक्तवाहिनी फुटलेली असते. एक-दोन आठवड्यांत जातो, औषध लागत नाही. रक्तदाब मात्र मोजून घ्या, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना कळवा.

महिन्यावरच्या बाळाचा डोळा लाल नाही, पण सतत पाणावतो आणि थोडा चिकटतो, तर अश्रूंची नळी उघडलेली नसते. नाकाच्या मुळाशी हलका मसाज बालरोगतज्ज्ञ शिकवतात, आणि वर्षाच्या आत बहुतेक बाळांचा प्रश्न सुटतो.

लेन्स वापरणाऱ्यांनी नळाच्या पाण्याने लेन्स धुऊ नये आणि ती घालून झोपू नये. डोळा लाल झाला की लेन्स काढून डबीसकट डॉक्टरकडे न्यावी, तिचाच नमुना तपासता येतो.

जादा किंमत लावली किंवा बिल नाकारलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि डॉक्टरकडे जाताना आतापर्यंत घातलेल्या सगळ्या बाटल्या, मेडिकलवरून आणलेल्या, शेजारणीने दिलेल्या, रिकाम्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्या. त्यांच्या खोक्यांवर लिहिलेलं असतं तेवढं तोंडी कोणालाच नीट सांगता येत नाही.